किती आणि केव्हां

जगांत जें जें फिरून फिरून येतें, त्याविषयीं मनुष्याला मुळांत दोनच प्रश्न विचारावयाचे असतात. येतें तें किती, आणि येतें तें केव्हां? आजारी मुलाच्या उशाशीं बसलेली आई ताप किती चढला हें पाहते, आणि तो कितव्या दिवशीं उलटतो हेंहि ध्यानांत ठेवते. आमच्या वैद्यकानें तर या दुसऱ्या प्रश्नावरूनच कांहीं ज्वरांना तृतीयक, चातुर्थिक अशीं नांवें दिलीं. हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे आहेत, हें पाळण्याची दोरी ओढणाऱ्या आजीबाईस कोणी शिकवावें लागत नाहीं. दोरी जरा जोरानें ओढली तर पाळणा दूर जातो. पण दूर गेला म्हणून उशिरां परततो असें होत नाहीं. लहान झोक्याला आणि त्याहून थोड्या मोठ्या झोक्याला जवळजवळ सारखाच वेळ लागतो. झोक्याचा पल्ला ओढणाराच्या हातीं असतो, आणि झोक्याचा वेळ पाळणा ज्या दोरीला टांगला आहे तिच्या लांबीच्या हातीं.

गणितांत या दोन प्रश्नांच्या उत्तरांना आयाम आणि आवर्तनकाल अशीं नांवें आहेत. इंग्रजी पुस्तकांवर शिकणारीं मुलें त्यांना ॲम्प्लिट्यूड व पीरियड म्हणतात. अकरावीच्या त्रिकोणमितींत हा विषय येतो, आणि बहुतेक ठिकाणीं तो दोन सूत्रांच्या पाठांतरानें आटोपला जातो. पुढें असलेला आंकडा तो आयाम, आणि तीनशेंसाठाला आंतल्या आंकड्यानें भागलें कीं आवर्तन! पाठांतराला आमचा विरोध नाहीं. ज्यांचें बालपण रूपावली व अमरकोश घोकण्यांत गेलें, त्यांनीं पाठांतराची निंदा करूं नये. परंतु अर्थ न कळतां घोकलेलीं दोन सूत्रें परीक्षेच्या दालनांत एकमेकांची जागा घेतात, हें आम्हीं पुष्कळ वर्षें पाहिलें आहे. म्हणून प्रस्तुत लेखांत या सूत्रांच्या मुळाशीं जावें, आणि पालघरपासून बोईसर-तारापूरपर्यंतच्या किनाऱ्यावर तीं प्रत्यक्ष कोठें नांदतात हें दाखवावें, असा विचार आहे. तेथें समुद्र आहे आणि वीजहि आहे. या विषयाला याहून चांगली शाळा मिळणें कठीण.

धनुष्याची दोरी

प्रथम शब्दाचा विचार करूं. धनुष्य वांकविलें कीं त्याची कमान वर्तुळाच्या तुकड्यासारखी दिसते. दोन टोकांना बांधलेली दोरी ती ज्या. आमच्या ज्योतिषांनीं पूर्ण दोरीपेक्षां अर्धी दोरी हिशेबाला सोयीची म्हणून घेतली. ती अर्धज्या, आणि पुढें व्यवहारांत नुसती ज्या. हा शब्द अरबांनीं 'जीब' असा नेला. लिहितांना स्वर गाळण्याच्या त्यांच्या रीतीमुळें तो पुढें 'जैब' असा वाचला गेला, आणि 'जैब' म्हणजे त्यांच्या भाषेंत वस्त्राचा घोळ. लॅटिन भाषांतरकारांनीं त्याच अर्थाचा आपला 'सायनस' शब्द योजला. आजच्या मुलांच्या तोंडीं असलेली 'साइन' ती हीच. धनुष्याची दोरी परदेशीं जाऊन वस्त्राचा घोळ होऊन परत आली!

आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या आपल्या ग्रंथांत वर्तुळाच्या पावभागाचे चोवीस समान भाग केले. प्रत्येक भाग २२५ कलांचा झाला. एका भागावरून दुसऱ्यावर जातांना ज्या कितीनें वाढते, ते चोवीस आंकडे त्यानें एकाच श्लोकांत गोंविले आहेत. पहिला आंकडा २२५, दुसरा २२४, तिसरा २२२. असे ते उतरत जाऊन शेवटचे दोन २२ आणि ७. या सर्वांची बेरीज ३४३८ होते.

हे ३४३८ कोठून आले? वर्तुळाचा परीघ ३६० अंशांचा, म्हणजे २१,६०० कलांचा. एवढ्या परिघाच्या वर्तुळाचा अर्धव्यास कलांनींच मोजला तर तो सुमारें ३४३८ भरतो. नव्वद अंशांवर ज्या संपूर्ण अर्धव्यासाएवढी होते. याहून मोठी ती होऊंच शकत नाहीं. आतां नव्वद अंश म्हणजे तीन राशी, आणि तीन राशींची जी ज्या ती 'त्रिज्या'. कंपासानें वर्तुळ काढणारें लहान मूल ज्या रेषेला त्रिज्या म्हणतें, त्या शब्दाच्या पोटांत आयामाची व्याख्याच दडलेली आहे. ज्येची कमाल मर्यादा ती त्रिज्या. ज्येची कमाल मर्यादा तोच आयाम. आर्यभटाच्या ज्येचा आयाम ३४३८. वराहमिहिरानें त्रिज्या १२० घेतली, म्हणून त्याच्या ज्येचा आयाम १२०. आजच्या पुस्तकांत त्रिज्या १ घेतात, म्हणून आजच्या साइनचा आयाम १. आवर्तन मात्र तिघांचेंहि ३६० अंशांचेंच. आयाम बदलला म्हणून आवर्तन बदलत नाहीं, हा या विषयांतला पहिला पाठ.

प्रदक्षिणेचा हिशेब

एखाद्या देवळाभोंवतीं गोल प्रदक्षिणामार्ग आहे असें समजा. देवळाच्या मध्यांतून पूर्वपश्चिम अशी एक रेषा आंखली आहे, आणि भाविक त्या रेषेच्या दक्षिणेस किती अंतरावर आहे हें आपण क्षणोक्षणीं टिपीत आहों. त्यानें पूर्वेकडून प्रारंभ केला तेव्हां अंतर शून्य. मग तें वाढत जातें, ठीक दक्षिणेस कमाल होतें, पश्चिमेस पुन्हां शून्य होतें. उत्तरेस तेवढेंच पण उलट, म्हणजे ऋण, आणि पूर्वेस परत शून्य. हीं अंतरें कागदावर क्रमानें मांडून टोकें जोडलीं, कीं जी नागमोडी रेषा उमटते तीच ज्येची वक्ररेषा. देवळाभोंवतीं फिरणें गोल, आणि कागदावर त्याची झालेली लाट!

आतां दोन फरक करून पाहूं. मार्गाची त्रिज्या तिप्पट केली, परंतु फेरी पूर्वीच्याच वेळांत पुरी केली, तर लाट तिप्पट उंच होईल. फेरीचा वेळ तोच राहील. हें झालें य = ३ ज्या क्ष. उलटपक्षीं मार्ग मूळचाच ठेवला, पण भाविक दुप्पट वेगानें चालूं लागला, तर तो पहिल्याइतकाच दूर जाईल. फेरी मात्र अर्ध्या वेळांत पुरी होईल. हें झालें य = ज्या २क्ष. बाहेरचा आंकडा मार्गाची त्रिज्या सांगतो, आंतला आंकडा चालण्याचा वेग सांगतो. वेग दुप्पट तर वेळ निमपट. म्हणूनच आंतल्या आंकड्यानें भागावें लागतें, गुणावें लागत नाहीं. 'ज्या २क्ष' ही लाट दुप्पट उंच असते, किंवा तिचें आवर्तन ७२० अंशांचें असतें, असें ज्यास वाटतें त्यानें एकवार देवळाभोंवतीं भराभर चालून पाहावें.

तेव्हां नियम असा. य = अ ज्या (ब क्ष + क) + ड असें रूप असतां आयाम म्हणजे अ, चिन्ह सोडून; आणि आवर्तन म्हणजे ३६० अंश भागिले ब, तेंहि चिन्ह सोडून. कोन रेडियनांत असतील तर ३६० च्या जागीं दोन पाय येतो, इतकाच फरक. अ ऋण असला तर भाविक पूर्वेहून उलट बाजूस निघाला एवढाच त्याचा अर्थ. मार्गाची रुंदी कांहीं ऋण होत नाहीं. क मुळें प्रारंभाची जागा बदलते. ड मुळें सारी लाट वर किंवा खालीं सरकते. आयामाला व आवर्तनाला या दोहोंचा स्पर्श नाहीं. उदाहरणार्थ, य = ५ − २ ज्या (३क्ष + ३०) यांत आयाम २, आवर्तन १२० अंश; आणि य हा ३ व ७ यांच्यामध्यें हेलकावे घेतो.

सूत्र न देतां रेखाकृतीच दिली असेल तर काम याहून सोपें. सर्वांत उंच जागेंतून सर्वांत खोल जागा वजा करावी व निम्मे करावे, कीं आयाम मिळाला. एका शिखरापासून लगतच्या शिखरापर्यंतचें अंतर तें आवर्तन. येथें मुलें घाईनें शिखरापासून तळापर्यंतचें अंतर घेतात, किंवा मध्यरेषेच्या एका छेदापासून लगतच्या छेदापर्यंतचें घेतात. तें अर्धेंच आवर्तन होय. लाट मध्यरेषेवरून वर जातांना एकदां व खालीं येतांना एकदां जाते, हें विसरूं नये.

कोज्येला हेच नियम लागू आहेत. कारण कोज्या म्हणजे पाव फेरी पुढें निघालेली ज्याच होय. स्पर्शज्येची गोष्ट मात्र निराळी. ती नव्वद अंशांजवळ अमर्याद वाढते. जिला कमाल मर्यादाच नाहीं, तिला आयाम कोठला? तिचें आवर्तन मात्र आहे, आणि तें १८० अंशांचें. म्हणून य = ४ स्पर्शज्या २क्ष यांत आवर्तन ९० अंश आणि आयाम नाहीं, हेंच उत्तर. 'किती' याला उत्तर नसतांहि 'केव्हां' याला उत्तर असूं शकतें.

भरतीचें पाणी

१ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून वेगळा झालेला पालघर जिल्हा पश्चिमेस अरबी समुद्राला लागला आहे. पालघर स्थानकावरून समुद्राकडे गेलें कीं केळवें व सातपाटी, आणि बोईसरहून गेलें कीं तारापूर व चिंचणी. मासेमारी करणाऱ्या घरांत दिवसाचें वेळापत्रक घड्याळापेक्षां पाणीच अधिक ठरवितें. होड्या केव्हां काढावयाच्या, केव्हां खाडींत घ्यावयाच्या, हें सारें भरतीवर. आतां ही भरती म्हणजे आपली ज्येची लाटच, कागदावर न उमटतां खाडीच्या कांठावर उमटलेली.

एका पूर्ण भरतीपासून दुसरीपर्यंत सरासरी १२ तास २५ मिनिटें जातात. हा आवर्तनकाल. तो बारा तासांचा नसून पंचवीस मिनिटें अधिक कां, हें पंचांग जाणणाऱ्या घरांत सहज समजेल. सूर्यचंद्रांमधील अंतर १२ अंशांनीं वाढलें कीं एक तिथि होते. ३६० अंशांना २४ तास, तर १२ अंशांना ४८ मिनिटें, म्हणजे बरोबर दोन घटका. प्रत्येक तिथीमागें चंद्र दोन घटका उशिरां माथ्यावर येतो, आणि भरती चंद्राच्या मागोमाग चालते. मुंबईपासून उत्तरेकडच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीचा तास सांगण्याची जुनी ढोबळ रीत आहे. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेस वा अमावास्येस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटें, आणि खरा आंकडा ४८. पुस्तक न उघडतां केलेल्या या हिशेबांत तिथीमागें अवघ्या तीन मिनिटांचा फरक! स्थळपरत्वें त्यांत थोडी भर घालावी लागते. पण पिढ्यान्‌पिढ्या तांडेलांनीं त्यावर होड्या हांकल्या आहेत.

हा झाला 'केव्हां'. 'किती' याचें उत्तर निराळें आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी फार चढतें व फार उतरतें, तें उधाण. अष्टमीच्या सुमारास तें बेताचें चढतें व बेताचें उतरतें, तो भांग. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीची मोजणी होत आली आहे. तेथील सरासरी आंकडे असे: उधाणाची भरती ४.४२ मीटर व ओहोटी ०.७६ मीटर, भांगाची भरती ३.३० मीटर व ओहोटी १.८६ मीटर. वर सांगितलेली रीत यांस लावूं. उधाणाच्या पाण्याचा पल्ला ३.६६, म्हणून आयाम १.८३ मीटर. भांगाच्या पाण्याचा पल्ला १.४४, म्हणून आयाम ०.७२ मीटर. मध्याची पातळी दोन्ही वेळां सुमारें २.६ मीटरच. म्हणजे ड तोच, ब जवळजवळ तोच. अ मात्र आठवड्याभरांत अडीचपट बदलला. मुंबईहून उत्तरेस जावें तसतसा आयाम वाढत जातो. तारापूरच्या बाजूस तो मुंबईपेक्षां कांहींसा अधिक असतो, आणि खंबायतच्या आखातांत भावनगराजवळ तर उधाणाचा पल्ला दहा मीटरांच्या घरांत जातो. आवर्तनकाल मात्र साऱ्या किनाऱ्याचा एकच.

हे आंकडे नुसते शोभेचे नव्हेत. समजा, गाळानें उथळ झालेल्या एखाद्या खाडीच्या तोंडांतून भरलेली बोट आंत यावयास पाण्याची पातळी ४ मीटर असावी लागते. सोयीसाठीं मुंबईचेच आंकडे धरूं. उधाणाच्या दिवशीं पातळी म्हणजे २.६ अधिक १.८ कोज्या, ती ४ होण्यासाठीं कोज्या १.४ भागिले १.८, म्हणजे सुमारें ०.७८ व्हावी लागते, आणि हा कोन सुमारें ३९ अंशांचा. पूर्ण भरतीच्या अलीकडे ३९ व पलीकडे ३९ मिळून ७८ अंश. ३६० अंशांना ७४५ मिनिटें, तर ७८ अंशांना सुमारें १६१ मिनिटें. बोटीला दोन तास चाळीस मिनिटें मिळालीं. आतां भांगाच्या दिवशींचा हिशेब करा. पाणी फार तर २.६ अधिक ०.७, म्हणजे ३.३ मीटरपर्यंत चढेल, आणि उतरूं लागेल. भरतीची वेळ मिनिटापर्यंत ठाऊक असली तरी बोट बाहेरच उभी राहील, आणि पापलेटांवरचा बर्फ वितळत राहील. 'केव्हां' विचारलें, 'किती' विचारलें नाहीं, त्याची ही किंमत.

सहलीस जाणाऱ्या कुटुंबांनींहि एक हिशेब ध्यानांत ठेवावा. आर्यभटाचे ते चोवीस आंकडे आठवा: मध्यरेषेजवळ ज्या २२५ नीं वाढते, शिखराजवळ ७ नीं. पाणीहि तसेंच वागतें. टोकांशीं तें रेंगाळतें, मध्यावर धांवतें. वरच्या आंकड्यांनीं उधाणाचें पाणी तळापासून पहिल्या तासांत सुमारें २२ सेंटिमीटर चढतें, आणि तिसऱ्या तासांत सुमारें ८६ सेंटिमीटर! सपाट पुळणीवर एवढें चढणें म्हणजे पाण्यानें आडवें किती अंतर काटावें, याची कल्पना वाचकांनींच करावी. पहिल्या तासावरून पुढच्याचा अंदाज बांधणारा येथें फसतो. भांगाच्या दिवशीं तोच तिसरा तास ३३ सेंटिमीटरांचा असतो. म्हणून 'मागच्या खेपेस येथेंच बसलों होतों' हें पुढच्या खेपेस प्रमाण मानूं नये. मुलांना वाळूवर सोडण्यापूर्वीं वडील मंडळींनीं वेळ पाहावी, आणि तिथिहि पाहावी.

आयाम असा पंधरवड्यांत कमीजास्त कां व्हावा? याचें उत्तर दोन लाटांच्या बेरजेंत आहे. दोन लाटांचा आवर्तनकाल एकच असेल तर बेरजेचा आवर्तनकालहि तोच राहतो. ३ ज्या क्ष + ४ कोज्या क्ष यांचें आवर्तन ३६० अंशच. आयाम मात्र ७ नव्हे, ५. कारण दोन्ही लाटा एकाच क्षणीं शिखरावर नसतात. त्या काटकोनांतल्या भुजांप्रमाणें मिळतात, आणि ९ व १६ मिळून २५, त्याचें वर्गमूळ ५. परंतु आवर्तनकाल किंचित् वेगळे असतील तर त्या कधीं एकमेकींस साथ देतात, कधीं विरोध करतात, आणि बेरजेचा आयामच फुगतो व ओसरतो. समुद्रांत हेंच घडतें. सूर्यानें उठविलेली लाट १२ तासांची, चंद्रानें उठविलेली १२ तास सव्वापंचवीस मिनिटांची. साथीच्या वेळीं आयामांची बेरीज १.८३, विरोधाच्या वेळीं वजाबाकी ०.७२, म्हणून मुंबईस चंद्राची लाट सुमारें १.२७ मीटर आणि सूर्याची सुमारें ०.५५ मीटर. बेरीज-वजाबाकीवरून दोन संख्या काढण्याचें हें उदाहरण आठवीच्या मुलासहि सुटेल. आतां प्रत्येक फेरीस सव्वापंचवीस मिनिटें मागें पडत पडत एक संपूर्ण फेरी मागें पडावयास सूर्याच्या लाटेच्या साडेएकोणतीस फेऱ्या व्हाव्या लागतात. रोज दोन फेऱ्या, म्हणजे पावणेपंधरा दिवस. हाच आमचा पक्ष! उधाण प्रत्यक्षांत अमावास्या-पौर्णिमेनंतर एकदोन दिवसांनीं भरास येतें; त्याचें अंतर मात्र पक्षाचेंच.

पुढें जाऊन केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसननें १८७२ सालीं भरतीचें भविष्य वर्तविणारें एक यंत्र तयार करविलें, आणि १८७९ मध्यें खास हिंदुस्थानांतील बंदरांसाठीं तसेंच मोठें यंत्र लंडनमध्यें बांधण्यांत आलें. त्यांत एकेका लाटेसाठीं एकेक चाक असे. चाकाच्या भुजेची लांबी म्हणजे आयाम. दात्यांनीं ठरलेला फिरण्याचा वेग म्हणजे आवर्तनकाल. साऱ्या चाकांवरून गेलेली एकच तार त्यांची बेरीज करी, आणि तिला जोडलेली लेखणी वर्षभराची भरती कागदावर काढीत असे. अ आणि ब हीं अक्षरें पितळेंत कशीं घडवितां येतात, याचें याहून सुंदर उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

तारापूरची वीज

ज्या किनाऱ्यावर पाणी बारा तासांत एक हेलकावा घेतें, त्याच किनाऱ्यावर एका सेकंदांत पन्नास हेलकावे घेणारी दुसरी लाट निघते. तारापूर येथें भारतांतील पहिलें अणुवीजकेंद्र १९६९ सालीं सुरू झालें. २००५ व २००६ या सालीं तेथें प्रत्येकीं ५४० मेगावॉटांचीं आणखी दोन संयंत्रें उभीं राहिलीं. वाफ थंड करून तिचें पुन्हां पाणी करावयास समुद्राचेंच पाणी वापरतात. म्हणजे भरतीओहोटीची लाट आणि विजेची लाट तेथें शेजारीं शेजारीं नांदतात. अणूंतून निघालेल्या उष्णतेनें वाफ, वाफेनें चक्र, आणि चक्रानें चुंबक फिरतो. हें फिरणेंच प्रदक्षिणेप्रमाणें ज्येची लाट होऊन तारेंतून वाहूं लागतें.

घरच्या विजेचा दाब आपण २३० व्होल्ट म्हणतों. त्याचें सूत्र, का म्हणजे सेकंदांतला काल धरून, दाब = ३२५ ज्या (१८००० का) अंश असें आहे. ३६० भागिले १८,०००, म्हणजे एक-पन्नासांश सेकंद, हा आवर्तनकाल. आयाम मात्र २३० नसून ३२५ आहे, हें ऐकून कित्येकांस आश्चर्य वाटेल. विजेचें काम दाबाच्या वर्गावर अवलंबून असतें, आणि ज्येच्या वर्गाची सरासरी अर्धी भरते. म्हणून कामाच्या दृष्टीनें ३२५ ला दोनाच्या वर्गमूळानें भागावें लागतें, आणि २३० येतात. ज्येचा वर्ग घेतला कीं ऋण बाजूहि वर उलटते, म्हणून त्याचें आवर्तन ३६० ऐवजीं १८० अंशांचें होतें. याचाच परिणाम असा कीं तारेचा जुना दिवा सेकंदाला पन्नास वेळां नव्हे, तर शंभर वेळां कमीअधिक होतो. तार तेवढ्यांत निवत नाहीं म्हणून डोळ्यांना तें कळत नाहीं.

आतां या लाटेचा प्रवास पाहा. केंद्रांतून निघतांना दाब लाखांच्या घरांत चढवितात, म्हणजे दूर जातांना वाटेंत नासाडी कमी होते. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत तो उतरवितात, घरीं येतां येतां २३० वर आणतात. पालघर स्थानकावर गाड्यांच्या डोक्यावरून गेलेल्या तारेंत तो २५ हजार असतो. रोहित्र हें काम करतें. रोहित्र आयाम हवा तेवढा वाढवितें आणि हवा तेवढा घटवितें, परंतु आवर्तनकालाला तें हात लावीत नाहीं. मोठ्या तारेंत, गाडीच्या तारेंत आणि माजघरांतल्या पंख्यांत लाट त्याच एक-पन्नासांश सेकंदाची. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं दक्षिणेकडील जाळें उरलेल्या देशाच्या जाळ्यास जोडलें गेलें, तेव्हांपासून साऱ्या देशांत ही एकच लाट एका तालांत चालते. दाब गांवोगांवचा वेगळा. ताल अवघ्या राष्ट्राचा एक.

आणि म्हणूनच नवें संयंत्र या जाळ्यास जोडतांना फार जपावें लागतें. त्याचा आयाम जाळ्याच्या आयामाशीं जुळला पाहिजे, आवर्तनकाल जुळला पाहिजे, आणि दोन्ही लाटांचें शिखर एकाच क्षणीं आलें पाहिजे. अ, ब आणि क हीं तिन्ही अक्षरें जुळल्याखेरीज कळ दाबीत नाहींत. दाबली तर यंत्रास जबर धक्का बसतो. विद्यार्थी ज्या क ला 'याचा उत्तरांत उपयोग नाहीं' म्हणून सोडून देतो, त्यावर तेथें कोट्यवधि रुपयांचें यंत्र टिकून असतें.

घरच्या घरीं

ज्या घरांत अकरावीचें मूल आहे, त्या घरास आमची एक सूचना आहे. पुस्तकांतलीं वीस उदाहरणें सोडविण्यापूर्वीं एका पंधरवड्याच्या भरतीओहोटीच्या वेळा व उंची वहींत उतरून घ्याव्या, आणि त्यांची रेखाकृति काढावी. मुंबई बंदराचीं कोष्टकें मिळण्यास कठीण नाहींत. आजोबांनीं प्रत्येक दिवसाखालीं तिथि लिहावी; कारखान्यांत वा वीजमंडळांत काम करणाऱ्या काकांनीं विजेची लाट समजावून द्यावी; आजीनें झोपाळ्याचा झोका लहानमोठा करून दाखवावा, आणि धाकट्यांनीं झोके मोजावे. एकत्र कुटुंबांत एका विषयाचे इतके गुरु एका छपराखालीं असतात. त्यांचा उपयोग करून घेतला पाहिजे.

मग मुलासमोर कोणतेंहि सूत्र येवो, त्यानें दोनच प्रश्न विचारावे. ही लाट किती दूर जाते? ही लाट केव्हां परत येते? पहिल्याचें उत्तर बाहेरच्या आंकड्यांत शोधावें, दुसऱ्याचें आंतल्या. परीक्षेच्या वेळीं सूत्रें डोक्यांतून गेलीं, तरी देवळाभोंवतालची प्रदक्षिणा आठवेल, आणि तिच्यावरून तीं पुन्हां कागदावर मांडतां येतील.